दाराबाहेरचा कॉर्नेट

११ मार्च १९५७, सोमवार
उत्तरेकडून विंगेट नावाचा एक पोरगेला माणूस आला होता. जुन्या रेकॉर्ड गोळा करतो म्हणे. १९२४ साली कंपनीची माणसं न्यू ऑर्लीन्सला येऊन आमच्या बँडची एक रेकॉर्ड करून गेली होती. ती बाजारात कधी आलीच नाही. तिची नमुन्याची तबकडी याला सापडलीय! आता लाँगप्लेवर घेणार. कोणी काय वाजवलं ते कव्हरवर नावानिशी छापणार. माझंही: एव्हारिस्त लाबोर्द, कॉर्नेट. उशिरा का होईना, देवाला जाग आली.
संकल्प: रोज सकाळी अर्धा तास कॉर्नेट फुंकायचा. ईस्टरपर्यंत बीअर बंद. आणि विंगेटच्या टेपरेकॉर्डरसमोर त्या क्लॅरिनेटवाल्या ओनेसीमबद्दल वाईट बोलायचं नाही. फक्त सत्य सांगायचं.

१२ मार्च
कॉर्नेट चार मिनिटं. कवळी सुटली ती थेट कालच्या राजम्याच्या पातेल्यात. क्लोतिल्द म्हणाली, आता अख्खं पातेलं तूच संपव. लग्नाला एवढी वर्षं झाली, या बाईला संगीत कळलं नाही. बीअर एक. हिरड्यांसाठी.

१४ मार्च, सकाळी दहा
टेपवर सगळं सांगितलं. तेव्हा मायक्रोफोन कुठला? भिंतीतून एक भलामोठा कर्णा आलेला. त्याच्या तोंडात वाजवायचं, पलीकडे सुई मेणाच्या तबकडीत रेघ ओढणार. मोठ्या ढोलाला बंदी. आमचा ढोलवाला बिचारा दोन लाकडी ठोकळे टकटक करत बसला. ओनेसीम कर्ण्याच्या अगदी तोंडाशी. का? आवाज मरतुकडा! आणि माझ्या पहिल्या फुंकेलाच सुई मेण सोडून उडाली. कंपनीच्या साहेबाने मला चार पावलं मागे नेलं. मग भिंतीशी. मग दाराबाहेर, जिन्यापाशी. आणि दार लोटून घेतलं. एवढा मान तिथे दुसऱ्या कोणाला मिळाला?
विंगेटने विचारलं, दार लोटलं होतं? म्हटलं, होय, लिहून घे.
नियम असा, की शेवटचा सूर संपला तरी लाल दिवा विझेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. सुई मेणातच असते. नेमकं तेव्हाच ओनेसीमच्या क्लॅरिनेटने चीं केलं. मेण तेवढं एकच उरलेलं. साहेब सामान बांधून चालता झाला, कंपनीने आम्हाला पुन्हा विचारलं नाही. एका गाढवापायी सहा माणसांचं वाटोळं!
तिसरा संकल्प पाळला. मूर्ख म्हटलं नाही.

१९ मार्च, सेंट जोसेफचा सण
चर्चमध्ये ओनेसीम दिसला. काय रे, ओठ काय म्हणतात, असं विचारलं त्याने. मी टोपीलाही हात लावला नाही. तेहतीस वर्षं त्याला माझ्या बँडात उभा केलेला नाही. माझ्या आईच्या अंत्ययात्रेला तर न बोलावता आला आणि आमच्या बँडसमोरच्या फुटपाथवरून एकटाच क्लॅरिनेट वाजवत कबरस्तानापर्यंत चालला. निर्लज्ज.
संध्याकाळी विंगेट सांगत आला, ओनेसीमने टेपवर कबूल केलं की चूक त्याचीच, क्लॅरिनेटच्या तोंडातल्या रीडने दगा दिला. बघा! बीअर तीन. आनंदाच्या होत्या, त्या मोजत नाहीत.

२ एप्रिल
गुरुवारी विंगेट आमच्याकडे रेकॉर्ड वाजवणार. सगळ्या गल्लीला आमंत्रण. ओनेसीमलाही. येऊ दे, ऐकू दे स्वतःचं पाप. कॉर्नेटला हात लावायला वेळ झाला नाही.

४ एप्रिल, दुपारी चार
चौदा माणसं. क्लॅरिनेट आलं. चांगलं होतं. ठोकळे आले. कॉर्नेट कुठे? शेजारीण म्हणाली, लांब कुठेतरी बोटीचा भोंगा वाजतोय का? मी म्हटलं, सुई बदला. बदलली. तेच.
शेवटचा सूर. सगळं शांत. चीं नाही. दार करकरलं, बूट वाजले, आणि कर्ण्यात तोंड घालून कोणीतरी ओरडलं, "साहेब, माझं ऐकू आलं का?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ओनेसीम तेव्हा माझ्या नकला करायचा. क्लोतिल्द म्हणाली, एव्हारिस्त, आता गप बस.

४ एप्रिल, सहा वाजता
सगळे गेल्यावर ओनेसीम थांबला. म्हणाला, तू त्या दिवशी जिन्यावर डोकं धरून रडत होतास, म्हणून म्हटलं की माझं रीड वाजलं असेल. वाटलं, दोन दिवसांत डोकं ठिकाणावर येईल. तू तर तेच धरून बसलास, मेल्या!
मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं?
तो म्हणाला, तेच तर! आणि टोपी घालून गेला.

१२ एप्रिल
संकल्प: उद्या जाऊन माफी मागायची.

१३ एप्रिल
हिरड्या दुखतात.

१४ एप्रिल
चर्चमध्ये दिसला. पण गर्दी फार होती. अशा गोष्टी गर्दीत बोलायच्या नसतात.

२४ मे
कव्हर आलं. छापलंय: क्लॅरिनेट, ओनेसीम गुर्दें. कॉर्नेट, नीट ऐकू येत नाही. शेवटचा आवाज, एव्हारिस्त लाबोर्द. विंगेट लिहितो, तुमचं वाक्य सगळ्यांना फार आवडलं, लोक पोट धरून हसतात.
कव्हर घेऊन ओनेसीमकडे गेलो. माफी पाठ केली होती, पण आधी कव्हरच दाखवलं. शेवटी म्हटलं, रविवारी बँडात उभा राहशील का? माझ्या शेजारी.
तो म्हणाला, माझे दात गेले, दम गेला. क्लॅरिनेट पुतण्याला देऊन दोन वर्षं झाली. बरंय, आता नीघ.
आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर उभा होतो.