अजगराची दोन हाडं

रवि. २ नोव्हें. १९५८
उपासनेनंतर चर्चमध्ये मंडळीतल्या वडीलजनांची बैठक. मार्था रविवारी पोरांना बायबल शिकवते, तो शब्बाथशाळेचा वर्ग काढून घेतला. माझ्या मुलीचा गुन्हा एवढाच की ती पोरांना म्हणाली, सृष्टीचे सहा दिवस आपल्या दिवसांहून फार लांब असतील. एका प्राण्यातून दुसरा घडवत जाणं हीच देवाची रीत असेल.
वडीलजनांपैकी साळव्यांनी दाखला दिला तो माझाच. "हिच्या बापानं इथंच उभं राहून सांगितलंय. तीस वर्षं कॉलेजात सांगाडे जोडतो, बिनकामाचं हाड एक दिसलं नाही. प्रत्येक जनावर देवानं आहे तसं योजून केलेलं!"
बोललो होतो. अक्षरन् अक्षर. मान हलवली. पोरीकडे बघितलं नाही.

मंगळ. ४
मार्थाचं जेवताना एकच वाक्य, "बाबा, मान हलवली नसती तरी चाललं असतं."
चाळीत बातमी पोचली. नळावर शेजारचा परब, "मास्तरांनु, तुमच्या देवान सहा दिसांत जग केल्यान, आमचो महाराष्ट्र दोन वर्सां होईना. धाडा मगे तेका दिल्लीक!" सगळे हसले. मीही, थोडा.

गुरु. ६
सर्कशीत मेलेला अजगर कॉलेजात आला. एरवी जनावर पिंपात कुजत ठेवतो. महिन्याभरात हाडं सुटी होतात. मग धुवायची, वाळवायची, पितळी तारेत ओवायची. या खेपेला वरच्या वर्गांची वासाची तक्रार. तेव्हा सुरीनं मांस सोलायचं. सुरी माझ्याइतकी सफाईनं इथं कुणी चालवत नाही. दुसरं कुणी म्हणणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

शनि. ८
शेपटी सुरू होते तिथं, दोन्ही अंगांना, मांसात रुतलेली बारीक हाडं. जोडीनं. टोकाला नखी.
स्टुलावर बसलो.
नऊ वर्षांपूर्वीच्या अजगराच्या वेळी पिंपाच्या तळाशी अशीच हाडं उरली होती. त्यानं गिळलेल्या उंदराची समजून फेकून दिली. उंदराची हाडं डावी-उजवीकडे सारख्या जागी कशी बसतील? हे तेव्हा सुचलं नाही. त्याचा सांगाडा अजून कपाटात मांडलेला आहे, अर्धवट, आणि मी नऊ वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानानं दाखवतो.
डेमॉन्स्ट्रेटर जोगळेकर आला. ठाकूरद्वारचा, वय सव्वीस. "अहो गायकवाड, मागचे पाय ते! पूर्वी होते, आता एवढेच उरले. पुस्तकात आहे की."
चौथीनंतरचं सगळं मी स्वतःच्या हिमतीवर शिकलो, इंग्रजीसुद्धा. ते पुस्तकही चाळलंय. हे पान राहिलं. की मुद्दाम उलटलं?

रवि. ९
पाळकसाहेबांना एकांतात सांगितलं. वाटलं, नाराज होतील. ते आनंदानं खुर्चीतून उठलेच. "गायकवाड, पवित्र शास्त्रात सापाला शाप मिळाला पोटावर सरपटायचा. म्हणजे आधी पाय होते! येत्या रविवारी मंडळीपुढं ही हाडं घेऊन उभे राहा."
विचारलं, "आणि मार्थाचा वर्ग?"
"तो विषय निराळा."
जोगळेकरला त्या हाडांत एक दिसतं, पा.सा.ना दुसरं. दोघांनाही जराही शंका नाही. मला झोप हवी आहे.

बुध. १२
मोह होतोय. मंडळीपुढं मानाचं काम, साळवे पहिल्या बाकावर. आणि फेकलेल्या हाडांचा उल्लेखही करायला नको. कुणाला कळणार?
मा.ला अजून काही सांगितलेलं नाही.

रवि. १६
हाडं नेली नाहीत. कॉलेजची वस्तू, परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही. हे खरं, आणि आडोसाही.
उभा राहिलो. म्हटलं, "या जागी मी साक्ष दिली होती, ती चुकीची. ज्या हाडाचा अर्थ मला लागला नाही ते मी फेकलं, आणि इथं येऊन सांगितलं की तसलं हाड नसतंच. माझ्या त्या बोलण्यावर कुणाचा वर्ग काढू नका."
पा.सा. डोळे मिटून बसले. साळवे उठले, "म्हणजे पवित्र शास्त्र खोटं?"
"शास्त्राचं मी बोललो नाही. माझं सांगतोय."
"उद्या ही आमच्या पोरांना माकडाची नातवंडं म्हणेल!"
मागच्या बाकावरून कुणीतरी, "तुमच्याकडं बघून पटेलही!" हशा. साळवे लालबुंद. निकाल पुढच्या महिन्याच्या बैठकीवर.
मा. आणि मी चालत निघालो. नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या समितीची सभा, कर्णा, गर्दी. गर्दीतून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "बाबा, पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं? देवानं एका दिवसात पाय काढून घेतले, की हळूहळू गेले?"
म्हटलं, विचार करतो.
चाळीचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबली. "झाला विचार?"
नाही, म्हटलं. दम लागला होता. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि वाट बघत उभी राहिली.