मोबाईल सांगते सगळं

सिंदेवाही,
सोमवार, २ डिसेंबर २०२४

ती. दसरूभाऊंना,

साधनाचा सेवा जोहार. सुकरीवहिनींचा गुडघा आता कसा आहे? धान घरात आलं असेल. इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या गावात फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरजवळ देते आहे. मयुरी, बाबांना सगळं वाचून दाखव बेटा. मधलं काही गाळू नको.

तुम्ही हॉटेलातून गेल्याला सव्वा महिना झाला. आधी हॉटेलचंच सांगते, कारण डोकं नुसतं तापलंय. तो फोनवरचा मेनू मी किती हौसेनं लावला, तुम्ही पाहिलंच. बारा टेबलांवर बारा स्टिकर. गिऱ्हाइकानं त्यावर फोन धरायचा की भाज्यांची यादी उघडते. उघडली तर ना! दुपारी नेटवर्क जातं, मग माणसं फोन वर धरून पार रस्त्यापर्यंत जातात. उघडली तरी वेगळाच ताप. ज्याच्याकडून करून घेतलं, त्यानं दुसऱ्याच कुठल्या हॉटेलच्या यादीवर आपली नावं चढवली आणि त्यांचा पिझ्झा तसाच ठेवला. रोज कुणी ना कुणी पिझ्झा मागतो. पाटोडीच्या रश्शाचं त्यानं इंग्रजीत ‘ज्यूस’ करून टाकलं. परवा एका पोरीनं तो ग्लासात मागितला!

बदल करायचा तर पासवर्ड त्याच्याजवळ, आणि तो फोन उचलत नाही. वांगी संपली तरी फोनवर वांगी आहेतच. ‘नाई तर दाखवता काऊन?’ म्हणून लोक माझ्यावर ओरडतात. मी कुणावर ओरडू?

तुमच्याबद्दल सगळे विचारतात. ‘दसरूभाऊ कुठी गेले?’ मी सांगते, धान कापायला गेलेत, येतील.

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मुखरू गुरुजी आले होते. त्यांना आता डोळ्यांनी फार कमी दिसतं. काठी टेकवून नेहमीच्या जागी बसले आणि म्हणाले, ‘दसरू नाई काय?’ वाढणाऱ्या बाईनं स्टिकरकडे बोट दाखवलं. गुरुजींनी तो हातानं चाचपला, थोडा वेळ बसले आणि उठून चालायला लागले. मी गल्ल्यावरून धावत गेले आणि म्हणाले,

‘गुरुजी, बसा ना. काय काय हाय, मी सांगतो.’

मी सांगायला लागले. वांगं-आलू, लाखोरीची डाळ, झुणका. गुरुजींनी हात वर केला. ‘दसरू मले काय हाय ते नाई सांगे, बाई. मले काय चालते ते सांगे.’

ते गेले ते अजून आले नाहीत. डाळ कोणत्या दिवशी तिखट झाली, गुरुजींना कुठली भाजी बाधते, हे मला ठाऊकच नव्हतं. वीस वर्षं ते तुम्ही सांभाळलंत.

मयुरी, इथून हळू वाच.

बाबा धान कापायला आले नव्हते. भाऊ, तुम्ही घरी काय सांगितलंत ते मला माहीत नाही, पण खरं मी सांगते. तुम्ही गेलात त्या दिवशी बाहेरगावचे आठजण जंगल पाहून जेवायला आले होते. तुम्ही टेबल पुसलंत आणि नेहमीसारखं एका दमात सांगायला लागलात, वांगं-आलू हाय, डाळ हाय, पाटोडी हाय. त्यातला एकजण फोनवर तुमचा व्हिडिओ काढत होता. ‘काका, पुन्हा बोला ना,’ म्हणाला. तुम्हाला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. तुम्ही पुन्हा सांगितलंत. ते हसले.

लाज मला त्यांची वाटायला हवी होती. मला तुमची वाटली.

‘भाऊ, तोंड बंद ठेवा. आता मोबाईल सांगते सगळं. तुम्ही फक्त पाणी द्या.’

हे मी बोलले. भरल्या हॉटेलात. तुम्ही ‘बरं बाई’ म्हणालात, आठही ग्लास भरलेत, फडकं घडी करून ठेवलंत आणि मागच्या दारानं निघून गेलात. मी हाकही मारली नाही.

त्याआधी आठवडाभर तुम्ही मला म्हणत होतात, ‘बाई, मले बी शिकवून दे थोडं, फोनात कोणती भाजी कुठी हाय ते.’ मी रोज ‘उद्या’ म्हणत होते. तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. चित्रांवरून शिकला असतात. अर्ध्या तासाचं काम होतं.

स्टिकर मी काढलेले नाहीत, खोटं कशाला सांगू? काही गिऱ्हाइकांना ते हवे असतात. दुसरा माणूस शोधून यादी नीट करून घेईन. पण टेबलाशी उभं राहून सांगणारं माणूस लागतंच, हे मला फार उशिरा कळलं. तरीही तुम्ही परत या, असं या चिठ्ठीत लिहिणार नाही. ते तुम्ही ठरवा.

गुरुवारी हॉटेल बंद ठेवून सकाळच्या गाडीनं येते आहे. बोलले चारचौघांत, तर माफी घरात बसून मागता येत नाही. अंगणात शेजारपाजारचे असले तर असू द्या. जेवायला थांब म्हणालात तर थांबेन, नाही म्हणालात तर दुपारच्या गाडीनं परत फिरेन.

तुम्ही जिला लहानपणापासून मानानं ‘बाई’ म्हणालात, आणि जिनं तुमचा मान ठेवला नाही, ती
साधना