फळीवरचे डबे खाली उतरले

प्रिय दादा,
जयभीम.

उद्या तुझ्या पुण्यानुमोदनाची सभा. "धाकटा भाऊ म्हणून तू चार शब्द बोल," असं सगळे म्हणतायत. उभं राहून तुझं कौतुक करणं मला जमायचं नाही, आणि खरं बोललो तर लोक उठून जातील. म्हणून हे पत्र. निदान तू तरी मधेच उठून जाणार नाहीस!

सकाळपासून एकच ऐकतोय, "कधी लेट नाही, कधी रजा नाही." काय हे कौतुक! कारखान्याचा भोंगासुद्धा कधी लेट झाला नाही. त्याची कुणी शोकसभा घेतं का?

आठवतं, तुझ्या मॅट्रिकच्या वर्षी चिवड्याच्या पुडीच्या कागदावर एक फोटो आला होता? समुद्राच्या लाटेवर फळी टाकून उभा राहिलेला उघडा गोरा माणूस. तू तो कागद तेलासकट खिशात घातलास. "समुद्र नाही तर नाही, आपल्याकडे गोदावरी आहे ना!" म्हणालास आणि सुताराकडून फळी तासून आणलीस. पूर ओसरताना बंधाऱ्याखाली एका जागी जी लाट उभी राहते, तिच्यावर तू उभा राहिलास. तुझ्या कमरेला बांधलेला दोर काठावर मी धरला होता. बाहेर येऊन तूच मला शपथ घातलीस, "नोकरी अशी धरायची, की दुपार आपली राहील."

मी तशीच धरली. सकाळच्या शाळेत मास्तर झालो. आणि तू? सातपूरच्या कारखान्यात, टाईम ऑफिसात! कोण किती उशिरा आला ते बघायला! वर जाता-येता मलाच रिकामटेकडा म्हणायचास.

आपल्या घरात पंख्याखाली बसणारा तू पहिला. बाबांनी पेढे वाटले, मीही खाल्ले. पण पंख्याखाली बसायचं म्हणजे जन्मभर बसायचं, असं कुणी सांगितलं होतं तुला?

"पर्मनंट झालो की येतो नदीवर." झालास. "प्रमोशन झालं की." तेही झालं. मग, "रिटायर झाल्यावर रोज!" चाळिशीही न गाठलेला माणूस रिटायर व्हायची वाट बघत होता. तेव्हा तुझी कीव यायची, आता चीड येते. शेवटी त्याच खुर्चीत मान टाकलीस, आणि तीही ऑफिस सुटायच्या आधी!

आणि फळीचं काय केलंस? स्वयंपाकघरात शेल्फ! तिच्यावर वहिनीचे डबे. वहिनी सायखेड्याची, माहेरी पोहत गोदावरी पार करणारी. तिने एकदा विचारलं, "मीही येऊ का पाण्यात?" तर तू म्हणालास, "ऑफिसातल्या कुणी बघितलं म्हणजे?" लाटेला न घाबरलेला माणूस कारकुनांना घाबरला!

परवा तुझ्या साहेबांनी वहिनीला बोलावलं. तुझ्या जागी तिला घेणार होते. मी सोबत गेलो. आता हीसुद्धा त्या पंख्याखाली गेली, असंच मला वाटलं.

साहेब म्हणाले, "जनरल शिफ्ट आहे. तुमच्या मिस्टरांचीच खुर्ची."

वहिनी पदर सावरत म्हणाली, "मला पहिली पाळी द्या साहेब. दुपारी तीनला सुटणारी."

"का हो? त्यांनी तर कधीच काही मागितलं नाही."

"म्हणून तर मी मागते. मला माझ्या लेकीला, मिनीला नदीवर न्यायचंय, पोहायला शिकवायचंय."

साहेब म्हणाले, "ठीक आहे, पहिली पाळी." झालं! इतकं सोपं होतं, दादा. तू विचारलं असतंस तर तुलाही मिळाली असती, गाढवा! मोठा म्हणून हा शब्द इतकी वर्षं गिळला होता.

आज वहिनीने डबे खाली उतरवून ठेवलेत. फळीवर तेलाचे डाग आहेत, मधे ती थोडी वाकलीय. वहिनी तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, "भाऊजी, ही तरंगेल ना?"

तरंगेल. मी तुला शब्द देतो, पाणी निवळलं की मिनी पोहायला शिकेल. पुढच्या पुरात वहिनी त्या लाटेवर उभी राहील, आणि दोर मी धरीन. लोकांना काय बोलायचं ते बोलू देत. फळीवर तुझी जागा मात्र राखून ठेवणार नाही. ती तू जिवंतपणीच सोडली होतीस.

तुझा रिकामटेकडा भाऊ,
यशवंत