कुणाचं तरी हाड

६ जानेवारी २०१५
हाडच नाही म्हणे! वरच्या जबड्यात, उजव्या बाजूला. डॉ. महाजनांनी स्कॅन पडद्यावर लावला, पेनाचं टोक ठेवून दाखवलं — "काकू, बघा, एवढंच उरलंय." पापडाएवढं जाड. त्याच्या वर नुसती पोकळी, सायनसची. दाढा काढून वर्षं झाली, तोवर हाड झिजत गेलं आणि मला पत्ता नाही. आता इम्प्लांटचा स्क्रू बसवायचा तर त्याला धरायलाच काही नाही. म्हणून आधी एक ऑपरेशन — हाडाला बाजूनं खिडकी पाडायची, सायनसचा पडदा अलगद वर उचलायचा, खाली हाडाची भुकटी भरायची. मग कित्येक महिने थांबायचं. मग स्क्रू. मग दात.

"पडदा किती पातळ असतो हो?"

"अंड्याच्या कवचाच्या आत असतो ना, तसा."

मी कशाला विचारलं!

८ जानेवारी
हे म्हणतात, "फिकर कशाला करतेस? नाहीतर कवळी आहेच." यांच्या तोंडात नाही म्हणून! दिवाळीनंतर सातवीच्या वर्गात मी "शांत बसा!" म्हणून ओरडले आणि कवळी सुटून टेबलावर. वर्ग खरंच शांत बसला. एकही मुलगी हसली नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून तोंडावर पदर धरून शिकवते. मराठीची बाई मी, आणि कविता मोठ्यानं म्हणायची तर घाम फुटतो.

नाही. करायचंच.

९ जानेवारी
कणीक मळताना एकदम डोक्यात आलं — ती भुकटी हाडाची. पण कुणाच्या?

१० जानेवारी
फोन केला. डॉक्टर अगदी सहज म्हणाले, "गाईचं असतं काकू. बाहेरच्या देशातून येतं, एकदम शुद्ध केलेलं. बहुतेक ठिकाणी तेच वापरतात."

फोन ठेवून दिला. नमस्कारसुद्धा म्हटलं नाही. माहेरी देडतलाईला माय आजही पहिली भाकर गाईला घालते. गाय गेली तेव्हा दोन दिवस घरात चूल नीट पेटली नव्हती. आणि मी तोंडात —!

हे म्हणाले, "भुकटीवर काय नाव लिहिलेलं असतं? कोणाला कळणार?"

"मला कळेल ना!"

१५ जानेवारी
संक्रांत. तिळाची वडी चघळून चघळून भिजवून खाल्ली. आमच्या सगळ्या इतवारा मोहल्ल्यात मी एकटीच अशी असेन!

१९ जानेवारी
परत दवाखान्यात. महाजन रागावले नाहीत. समजावत बसले. कृत्रिम भुकटी मिळते, पण माझ्या केसमध्ये त्यांचा तिच्यावर भरवसा नाही. माझ्याच हनुवटीतून हाड काढता येईल — म्हणजे दुसरी जखम, आणि ओठ बधिर राहायची भीती. तिसरं — माणसाचं. मेल्यावर दान केलेलं, टिश्यू बँकेतून येतं.

"कोण असतं ते?"

"ते कळत नाही, काकू."

वाटेत राजपुरा आला. मग यांनीच विचारलं, "काय ठरवलं?" मी म्हटलं, "माणसाचं." का म्हटलं, माहीत नाही. गाईला कुणी विचारलं नव्हतं. या माणसानं स्वतः दिलंय. एवढंच सुचलं.

२७ जानेवारी
माय आली. लपवायचं ठरवलं होतं, पण तिच्यासमोर बसले की माझ्या पोटात काही राहत नाही.

"मेलेल्याचं? तोंडात?" घास हातातच राहिला तिचा. मग म्हणाली, "बाई होती का बाप्या?"

"माहीत नाही, माय."

"असेल कोण्या मायचं लेकरू," म्हणाली, आणि जेवायला लागली.

४ फेब्रुवारी
उद्या. देवा!

५ फेब्रुवारी
झालं. दुखलं नाही. पण आवाज! कवटीत कुणी खिळा ठोकतंय असा. मी खुर्चीचे हात घट्ट धरून पाढे म्हणत होते. तेराच्या पाढ्यात अडकले. मधेच डॉक्टर एकदम थांबले. मग म्हणाले, "पडदा शाबूत आहे." डोळ्यांतून पाणी आलं. नर्सनं पुसलं.

आता शिंक दाबायची नाही. नाक शिंकरायचं नाही. स्ट्रॉनं प्यायचं नाही. वाकायचं नाही.

८ फेब्रुवारी
गाल कोहळ्यासारखा सुजलाय. शेजारच्या भागाबाईंनी मिरच्या भाजल्या. आज! शिंक आली. तोंड आ करून शिंकले, सगळी गल्ली दणाणली. पडदा फाटला असेल का? हात लावून बघते तर सगळं बधिर. यांना विचारलं तर म्हणतात, "फाटला असता तर कळलं असतं." कसं कळलं असतं?

१४ फेब्रुवारी
मिठाच्या पाण्यानं चूळ भरताना काहीतरी टोचलं. तळहातावर घेतलं — पांढरा, कडक, टोकदार. हाड!

गळतंय सगळं. टाक्यातून गळतंय! धावत दवाखान्यात. महाजनांनी बॅटरीनं पाहिलं. "टाका बरा दिसतोय. लगेच स्कॅन काढून काही कळणार नाही. थांबू या." थांबू या म्हणे. आणि सगळंच निसटलं तर?

कण रुमालात गुंडाळून आणलाय. केराच्या टोपलीपाशी गेले आणि हात पुढे होईना. कुणाचं तरी शरीर आहे हे. देव्हाऱ्यात ठेवता येत नाही, घरात ठेवता येत नाही.

१५ फेब्रुवारी
सकाळी तापीवर, राजघाटाला गेलो. मला वाटलं होतं हे हसतील. यांनी तर स्वतःच रिक्षा बोलावली. घाटावरच्या गुरुजींना यांनी "अस्थी सोडायच्यात" एवढंच सांगितलं. रुमाल उघडला तसे गुरुजी त्या कणाकडे बघतच राहिले.

"एवढंच?"

"एवढंच."

"नाव?"

"माहीत नाही."

"गोत्र?"

मी यांच्याकडे बघितलं.

"स्त्री की पुरुष, ते तरी सांगा!"

हे म्हणाले, "घरचंच समजा, महाराज. घरचं गोत्र लावा."

तापीचं पाणी थंडगार होतं. कण हातातून कधी सुटला कळलंही नाही. मी रडले. ओळख ना देख, आणि मामा वारले तेव्हा रडले नव्हते इतकी रडले. मागे घरची माणसं असतील कुठे, पोरं असतील. त्यांना काय माहीत, बऱ्हाणपुरात कुणीतरी —

नाक शिंकरायचं नाही हे तेव्हाही आठवलं. पदरानं नुसतं टिपलं.

२ एप्रिल
सूज गेली. धाकधूक नाही गेली. रोज जिभेनं चाचपते.

१९ जून
शाळा सुरू. पदर तोंडावर. स्वप्नात जबडा रिकाम्या मडक्यासारखा वाजत होता.

६ सप्टेंबर
उद्या स्कॅन. हाड धरलं नसेल तर परत सगळं पहिल्यापासून. मी परत बसणार नाही त्या खुर्चीत. बसणारच नाही.

७ सप्टेंबर
धरलं! भरलेलं सगळं जागच्या जागी, एक दाणा हललेला नाही. पुढच्या आठवड्यात स्क्रू.

"मग तो कण?" मी विचारलं.

"कसा होता? बारीक, रव्यासारखा?"

"छे! टोकदार. नखाच्या तुकड्यासारखा."

"मग तो तुमचाच, काकू. खिडकी पाडताना काठाचा तुकडा सुटतो कधी कधी, हिरडी ढकलून देते त्याला."

घरी येऊन यांना सांगितलं. सांगता सांगता मला हसू आवरेना — माझ्याच अस्थी मीच सोडून आले! हे हसले नाहीत. चहा तसाच ठेवून शेजारी येऊन बसले आणि माझं मनगट धरलं. अजून सोडलेलं नाही. डाव्या हातानं लिहितेय.