बाटल्या मीच धुतो
१२ जानेवारी
माझ्या अहवालावरून डोंगराखालच्या वस्तीतल्या दोन्ही विहिरींना आज कुलपं लागली. नायट्रेट मर्यादेच्या बाहेर! पुढच्या महिन्यात प्राध्यापकपदाची मुलाखत आहे, तिथे हे सांगताना माझी छाती किती फुगेल! विद्यार्थ्यांपुढे टेंभाही मिरवला — "नमुन्याच्या बाटल्या मी स्वतः ॲसिडने धुतो." बायको म्हणाली, "घरातला कप कधी विसळला नाहीत." दुर्लक्ष केलं.

१९ जानेवारी
पडताळणी म्हणून बाटलीत शुद्ध पाणी भरून तपासलं. त्यातही नायट्रेट! मशीनला शिव्या घातल्या.

२० जानेवारी
प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, "सर, बाटल्या कशाने धुता?"
"नायट्रिक ॲसिडने."
"आणि शोधता काय?"
"नायट्रेट."
बाईंनी ॲसिडच्या बाटलीवरच्या 'नायट्रिक' शब्दावर बोट ठेवलं. त्या ॲसिडचाच अंश नमुन्यात नायट्रेट म्हणून उतरत होता. म्हणजे मीच घालायचं, मीच शोधायचं आणि मीच छापायचं! अठरा वर्षं पाण्यात घालवली, बाटली विसळायला शिकलो नाही.

२७ जानेवारी
नव्या, कोऱ्या बाटल्या. वरची विहीर स्वच्छ — माझ्या अंघोळीच्या पाण्याहून स्वच्छ. खालची मात्र खरोखरच वाईट, मर्यादेच्या दुप्पट. तान्ह्या बाळाच्या तर जिवावर बेतेल. (एक तरी बरोबर आली म्हणून आनंद झाला. काय माणूस आहे मी!)

३१ जानेवारी
मुलाखत चार तारखेला. मूग गिळून बसलो तर पद पक्कं. पण मग वरच्या विहिरीचं कुलूपही पक्कं, आणि बायका मैलभर पायपीट करणार. लाज वाटते. मुख्य म्हणजे, चार दिवस विचार करावा लागला याची.

२ फेब्रुवारी
विभागप्रमुखांना लेखी दिलं. म्हणाले, "पाच तारखेला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मुलाखत रद्द.

५ फेब्रुवारी
वस्तीवर माफी मागायला गेलो. भाषण पाठ केलं होतं. पहिल्याच घरातल्या आजीबाई मला मधेच तोडून हसायला लागल्या. कडेवर तान्ही नात, नातीच्या तोंडात पावडरच्या दुधाची बाटली. "अहो साहेब, कसली माफी! आम्ही पाणी भरायचं थांबलो कधी? कुलपं तुमची गाडी दिसली की अडकवतो नुसती!"
जीव भांड्यात पडला. म्हणजे माझ्या चुकीने कुणाचं काहीच बिघडलं नाही! मीही पोट धरून हसलो. भाषण तसंच खिशात घालून परत आलो. महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

६ फेब्रुवारी
दात घासताना आठवलं — कुलपं दोन्ही विहिरींना आहेत, आणि खालचीचं खरं आहे. त्या नातीच्या बाटलीतलं पाणी कुठलं, ते मी विचारलंच नाही. निघतोय. पण आता माझं ऐकणार कोण?