शिक्क्यावाचून तीस वर्षं

३ ऑगस्ट १९९८. सकाळी.
मी सांगते, सून रजिया लिहिते. तिनं मधी आपलं डोकं घालायचं न्हाई.
सोजराबाईनं आमच्याच आळीत दुधाचा रतीब सुरू केलाय. सरकारी शिक्क्याचं लिटरचं माप दारात टांगलंय, मिरवायला. आमच्या मापाला तीस वर्षांत शिक्का लागला न्हाई आन् लागणारबी न्हाई. ठरलं.

५ ऑगस्ट.
आमचं जुनं गिऱ्हाईक, रेल्वे कॉलनीतले गार्ड जयसिंगराव, तिच्याकडं गेले. म्हणे, तिच्या लिटरनं पातेलं जास्त भरतं. पातेलं बदललं असंल. मी लिटरवर लेकराचा म्हणून एक घोट जास्त ओतते, फुकट. कायद्यात कुठं हाय घोट?

८ ऑगस्ट. दुपारी.
रजिया म्हणते, अम्मा, आपलं माप एकदा तिच्या मापाशी ताडून बघू. इमानदार बाईची कुणी झडती घेतं व्हय? मापाचं बूड आत गेलंय ते खरं. पहिल्याच वर्षी म्हशीनं पाय दिला. पण त्यानं माप डुगडुगत न्हाई, उलट घट्ट बसतं.
(रजिया, हसू नको. लिही.)

९ ऑगस्ट.
आणखी तीन घरं गेली. सहा उरली. आता गप बसले तर म्हैस विकावी लागंल.
परवा वजनमापाचे साहेब दौंडच्या बाजारात शिक्के मारायला येणार हायेत. तक्रार करणार. सोजराचं माप खोटं, शिक्काबी खोटा. दोघींची मापं चारचौघांत तपासा म्हणणार. कायदा काय एकट्या सोजराचा हाय?

११ ऑगस्ट. संध्याकाळी.
तपासली.
साहेबांनी आपलं लिटर पाण्यानं काठोकाठ भरलं, सोजराच्या मापात ओतलं. बरोबर. थेंब सांडला न्हाई. मग माझ्या मापात. ते भरलं, तरी साहेबांचं पाणी संपंना. माझ्या पायावर आलं. जयसिंगराव माझ्या पायांकडंच बघत व्हते.
मी म्हटलं, साहेब, घोट राहिला की माझा. भला माणूस. म्हणाला, "आजी, रोजच्यासारखा ओता."
माझं माप त्यांच्या लिटरात रिकामं केलं. वर घोट ओतला. तवा कुठं लिटर भरलं.
माप जप्त.

१२ ऑगस्ट. पहाटे.
शिक्क्याचं नवं माप आणलंय. दारात टांगलंय, सोजराच्यापेक्षा वर.
रजिया विचारते, आता घोट बंद ना?
लिही. घोट देणार. आता पहिल्यांदाच माझ्या पदरचा.