कोपराबाहेरची गोट्यांची पट्टी

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे स्मरण करून मी, प्रोद्रोमोस हाजिसाव्वास, राहणार कालीवारी, प्राचीन ग्रीकचा निवृत्त शिक्षक, संत परास्केवीच्या चर्चचा एके काळचा मुख्य स्तोत्रगायक आणि गावाच्या मोटारशर्यतीच्या मैदानावरचा जुना पंच, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी यकृताविषयी जे सांगितले ते मला नीट समजले आहे. आपल्यावर कोणाचाही दबाव नाही, असे या जागी लिहिण्याची रीत आहे. मला ते लिहिता येत नाही. दबाव आहे, आणि तो कोणाचा हे पुढे येईल. मात्र त्याला भिऊन एकही अक्षर लिहिलेले नाही.

कलम पहिले. माझा देह मातीचा आहे, तो मातीला द्यावा. अंत्यविधीची स्तोत्रे पूर्ण म्हणावीत. उकाडा आहे, पाद्रीबाबा थकले आहेत, अशा सबबीवर एकही ओळ गाळू नये. एक गाळू दिली की दुसरी आपोआप गळते.

कलम दुसरे. राहते घर मुलगी फोतिनी हिला. पुढच्या दारात छर्रे रुतलेले आहेत. ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत मैदानाचा मालक स्ताथिस कोर्कोदिस याने शिकारीच्या बंदुकीने ते झाडले. मी आतल्या बाजूला प्रार्थनेला उभा होतो. एक छर्रा कानाची पाळी घेऊन गेला. फोतिनी, ती भोके बुजवू नकोस. घर विकायचे तर खुशाल विक, पण दार आहे तसे दे. स्ताथिसला माझे घर नको आहे. मैदानावरच्या 'कोपर' नावाच्या वळणाबाहेर माझी जी शेतपट्टी आहे, तिच्यावर त्याला डांबर ओतायचे आहे. ती पट्टी कोणाच्या हाती जाते यावर तिथे पुन्हा माणूस मरेल की नाही हे ठरणार आहे. म्हणून तिचे कलम मी सर्वांत शेवटी, सर्वांत विचार करून लिहिले आहे.

कलम तिसरे. यात मालमत्ता नाही. पण हे वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

नियम साधा आहे. पांढऱ्या रेषेच्या आत गाडी चालवावी; चारही चाके बाहेर गेली की शिक्षा. कोपरावर बाहेरून गेले तर वेग टिकतो, म्हणून मोह प्रत्येकाला होतो. या गुन्ह्याला आमच्या भाषेत जो शब्द आहे, 'पारावासी', त्याचा अर्थ पलीकडे पाऊल टाकणे. आदामाने बागेत जे केले त्यालाही धर्मशास्त्रात हाच शब्द येतो. शाळेत मी हे सांगत असे तेव्हा मुले हसत. स्ताथिसचा मुलगा थ्रासोस सर्वांत मोठ्याने हसे. तो माझा धर्मपुत्र. त्याच्या बाप्तिस्म्याला मीच उभा होतो.

कोपरावर माणूस मेला त्या वर्षीच्या शर्यतीत थ्रासोस प्रत्येक फेरीला कोपराबाहेरून जात होता. पंच आम्ही तिघे. मी शिक्षा सांगितली.

एक पंच म्हणाला, "मास्तर, पोरगं घरचं आहे. बापाच्या मैदानावर त्यालाच दंड करायचा? मग त्या बापाचं जेवण घशाखाली उतरेल का तुमच्या?"

दुसरा म्हणाला, "बाप्तिस्म्याला तुम्हीच तेल चोळलंत ना त्याला? आता तळायला निघालात होय!"

दोघे विरुद्ध एक. शिक्षा झाली नाही. मागच्या गाड्यांतली माणसे आंधळी नव्हती. थोड्याच वेळात सगळेच बाहेरून जाऊ लागले. गवत फाटले, चिखल झाला, आणि द्रामाहून आलेल्या एका गाडीची पकड सुटून ती उलटीपालटी होत थेट झेंडेवाल्याच्या ठाण्यावर आली. तिथे इओर्दानिस उभा होता. लोखंडी कठड्याने त्याला कमरेवर चिरले. तो लगेच गेला नाही. मला म्हणाला, "मास्तर, माझे पाय कुठंयत बघा ना." त्याची बहीण देस्पिना, जी स्ताथिसची बायको, कॉफीच्या टपरीवरून धावत आली. तिने त्याचे डोके मांडीवर घेतले. तिच्या एप्रनमधून रक्त खाली ठिबकत होते आणि पलीकडे गाड्या अजून धावत होत्या.

कोपराबाहेरची ती पट्टी माझ्या वडिलांची तंबाखूची जमीन. त्याच शरदात मी स्त्रिमोनास नदीचे गोटे आणून ती ढोपरभर भरली. गोट्यांत गेलेली गाडी रुतते. गोटे कोणाचा मुलगा म्हणून विचारत नाहीत. त्यांना मतदान नसते.

पुढच्या हंगामात थ्रासोसने दुसऱ्या वळणावर, जिथे गोटे नाहीत तिथे, शेवटच्या फेरीत रेषा ओलांडली आणि तो पहिला आला. या वेळी माझ्यासोबतचे दोन्ही पंच नवे होते. आम्ही त्याचे नाव निकालातून काढले. स्ताथिसने बक्षिसांच्या मंचासमोर चाकाच्या पान्याने माझा जबडा फोडला. "कुंबारे, उघड तोंड! म्हण परत, बाद म्हण!" असे ओरडत त्याने पुन्हा मारले. माझे तोंड दातांनी भरले होते, म्हणून मी बोटाने रेषा दाखवली. तेव्हा त्याने बोट मोडले.

मी पोलिसांत फिर्याद दिली. गाव म्हणाले, कुंबारोसवर, म्हणजे धर्मपुत्राच्या बापावर, फिर्याद? धर्माचे नाते ते! मोशेने रागाच्या भरात खडकावर काठी मारली, तेवढ्यासाठी त्याला वचनाच्या भूमीत पाऊल टाकू दिले गेले नाही. मोशेला जी सूट मिळाली नाही ती मी कालीवारीच्या स्ताथिसला कोठून द्यावी? त्याला शिक्षा झाली, ती त्याने भोगली. माझा जबडा वाकडा जुळला. त्यानंतर मी चर्चमध्ये गाऊ शकलेलो नाही.

कलम चौथे. माझी दुर्बीण मधोमध तोडून तिची एकेक नळी त्या दोन जुन्या पंचांना द्यावी. दोघांनी त्या दिवशी एकेक डोळाच वापरला होता.

कलम पाचवे. माझी सर्व धर्मपुस्तके व गळ्यातला क्रूस थ्रासोसला. मी आधी पट्टीही त्यालाच देणार होतो. तो रडला आणि मला, आपल्या धर्मपित्याला, म्हणाला,

"नोने, मला नका देऊ. बाबा समोर उभे राहिले की माझे पाय गळतात."

"अरे, मग एवढ्या वेगानं गाडी कशी हाकतोस?"

"गाडीत बाबा नसतात ना."

खरे बोलला. त्याबद्दल माझा आशीर्वाद.

कलम सहावे व शेवटचे. फोतिनी दूर श्टुटगार्टला असते; ती पट्टी विकेल. चर्चला दिली तर बिशपसाहेब पहिल्या भेटीतच विकतील. इओर्दानिसच्या वर्षश्राद्धाचा गव्हाचा प्रसाद घेऊन देस्पिना माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला विचारले, "ती पट्टी तुला दिली तर काय करशील?"

"गोट्यांत गवत उगवू देणार नाही."

"आणि स्ताथिसनं बंदूक काढली तर?"

"मास्तर, बंदूक कुठं ठेवतो ते मला ठाऊक आहे. आणि त्याचं ताट मीच वाढते."

सबब, कोपराबाहेरची संपूर्ण पट्टी, गोट्यांसह, देस्पिना कोर्कोदी हिला तिच्या एकटीच्या नावे द्यावी. तिच्या नवऱ्याचा त्यावर कोणताही हक्क नाही. मी तिला अट घातलेली नाही. भावाचे डोके मांडीवर घेतलेल्या बाईला अट घालण्याइतका मी मोठा नाही. स्ताथिसला डांबर हवे असेल, तर यापुढे त्याने ते आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, तिच्याकडे बघून मागावे.

वाचून, समजून सही केली.

प्रोद्रोमोस हाजिसाव्वास

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही व ज्यांना मोटारी आवडत नाहीत:
आगापिओस त्सालिकीदिस, पाववाला
कालिओपी मेलेत्लीदू, औषधांच्या दुकानाची मालकीण

कालीवारी, संत देमेत्रिओसच्या सणाचा दुसरा दिवस, २७ ऑक्टोबर २०१९